ठम्याचा टॉवेल

कायदा बदलला, तेव्हा ठम्याला कुणी काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? तो कुत्रा होता.

काळा, छातीवर पांढरा ठिपका, एक कान ताठ आणि दुसरा अर्ध्यातून मोडलेला. बंदरावर बोटीतून उतरणाऱ्या लोकांच्या सामानात गांजा आहे का, हे हुंगून सांगायचं, हे त्याचं काम. वास लागला की भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही; त्या पेटीसमोर किंवा त्या माणसासमोर नुसतं ठम्म बसायचं. मग ओढा, रागवा, पाया पडा, गडी हलायचा नाही. म्हणून नाव पडलं ठम्या.

त्याचा दोर ज्याच्या हातात असायचा त्याला सगळी गल्ली हवालदार म्हणायची. हवालदारानं या कुत्र्याला पिल्लू असल्यापासून शिकवलेलं. आता लोकांना वाटतं, कुत्र्याला गांजाचा राग येतो म्हणून तो पकडून देतो. कुत्र्याला कशाला राग येईल? त्याला हवा असतो टॉवेल. पिल्लू लहान असताना जुन्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करतात, तिला तो वास लावतात आणि पिल्लाशी ओढाओढ खेळतात. मग गुंडाळी लपवतात. पिल्लाच्या डोक्यात पक्कं बसतं, की हा वास जिथे, तिथे माझा टॉवेल. पुढे जन्मभर ते बिचारं टॉवेलच शोधत असतं. पेटीसमोर बसलं की आपण त्याच्या खांद्यावरून हळूच गुंडाळी टाकायची, म्हणजे त्याला वाटतं, टॉवेल पेटीतूनच आला. खरं सांगितलंस, हा घे. या कामातला सगळ्यात मोठा नियम एवढाच, की खऱ्याचा टॉवेल चुकवायचा नाही. एकदा चुकवला तर कुत्रा गोंधळतो. सारखा चुकवला तर खचतो.

कायदा बदलला आणि मोठ्या माणसांना थोडा गांजा जवळ बाळगायची मुभा मिळाली. ठम्याला गांजाखेरीज आणखी तीन वास शिकवलेले होते, ते तीन अजून गुन्ह्यातच होते. पण चारांसाठी तो बसायचा एकसारखाच. मग कोर्टात वकील विचारणार, कुत्रा नेमका कशासाठी बसला? साहेबांनी सांगितलं, या कुत्र्यांच्या डोक्यातून तो वास काढता येत नाही, तेव्हा त्यांना घरी पाठवा, नवी पिल्लं आणा.

"हा जातो तर मीही जातो," हवालदार म्हणाला. नोकरी थोडी उरली होती. कुणी त्याला फार अडवलं नाही, हे त्याला जरा लागलं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस गंमत वाटली, आणि मग दोघांच्या पायांना भिंगरी लागली. ठम्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जायचा, खिडकीशी थांबायचा, पुन्हा पुढच्या दाराशी. त्याच्यामागे हवालदार. बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत बसलेली असायची, ती ओरडायची, "अहो, तुम्ही दोघं एका जागी बसाल का? फरशी झिजली माझी!"

"मी काय करतोय? तो फिरतोय म्हणून मी फिरतोय."

"आणि तो म्हणतोय, हे फिरतात म्हणून मी फिरतो."

बायकोनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभ्यानं इस्त्री करत जन्म काढला होता. वाफेत उभं राहून पायांच्या शिरा गेलेल्या. बसली तरी पायांत आग आणि पडली तरी मुंग्या. कित्येक वर्षं तिला धड झोप नव्हती. अलीकडे मात्र तिला गाढ झोप लागायची आणि सकाळी तोंडावर तरतरी असायची. हवालदारानं त्याचं श्रेय परभारे स्वतःकडे घेऊन टाकलं होतं. "मी घरी आलो, तुझा घोर मिटला," तो म्हणायचा. ती म्हणायची, "असेल बाई." आणि पुन्हा भाजीकडे बघायची.

घरात करमेना म्हणून हवालदार ठम्याला घेऊन बाहेर पडायचा. तर बाहेर आणखी पंचाईत. ज्या वासासाठी पूर्वी शंभर पेट्या हुंगाव्या लागत, तो आता रस्त्यानं मोकळा हिंडत होता. बसथांब्यावर एक सभ्य म्हातारा छत्री टेकून उभा, ठम्या त्याच्यासमोर ठम्म. पाव विकणाऱ्या बाईसमोर ठम्म. टपाल वाटणाऱ्यासमोर ठम्म. लोक आधी घाबरायचे, मग हसायचे. म्हातारा तर म्हणाला, "गुडघ्यासाठी घेतो हो, काय अडचण आहे?"

अडचण काहीच नव्हती, तीच हवालदाराची अडचण होती. टॉवेलची गुंडाळी त्याच्या मागच्या खिशात असायची, सवयच होती. हात तिकडे जायचा आणि थांबायचा. गुन्हा नाही, तर टॉवेल कसला? त्याच्या डोक्यात टॉवेल आणि गुन्हेगार ही जोडी इतकी पक्की झाली होती, की टॉवेल कुत्र्याच्या खरेपणाचा आहे, हा आपलाच नियम तो विसरला. "चल," म्हणून तो पुढे निघायचा. ठम्या मागे वळून बघायचा. एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा हवालदाराच्या खिशाकडे.

कोपऱ्यावरचा न्हावी वस्तऱ्याला धार लावत हे रोज पाहायचा. "काय हवालदार, आज किती पकडले?"

"गप रे."

"माझ्या मेहुण्याला दोन चिमटींसाठी आत टाकलं होतं तुमच्या लोकांनी. परवा तोच दुकानातून घेऊन आला. वर दुकानदारानं त्याला धन्यवाद म्हटलं! मेहुणा म्हणतो, आता माझे ते दिवस कुणाकडे मागू?"

हवालदार ठम्याला घेऊन पुढे निघाला. पण तो प्रश्न त्याच्या मागे घरापर्यंत आला. आज जे चालतं ते काल चालत नव्हतं, मग आपण इतकी वर्षं काय केलं? चांगलं केलं की नुसतं केलं? असं डोक्यात सुरू झालं की पाय आपोआप पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जायचे.

ठम्याची अवस्था हळूहळू वाईट होत गेली. पुढचा पंजा चाटून चाटून त्यानं लाल केला. खाणं सोडलं. रस्त्यावर बसणंही कमी झालं. वास आला की नुसता अंग चोरून पुढे जायचा. घरात मात्र तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन बायकोसमोर बसायचा आणि तिच्याकडे टक लावून बघत राहायचा.

"भूक लागलीय त्याला, दे काहीतरी," हवालदार म्हणायचा. बायको वाडगं पुढे सरकवायची. ठम्या वाडग्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. बसलेला तो बसलेलाच. बायकोच मग उठून बाहेर जायची.

गुरांच्या डॉक्टरनं ठम्याचं पोट दाबून पाहिलं, दात पाहिले, पंज्याला मलम लावलं. मग हात धूत म्हणाला, "आजार काही नाही. याला काम द्या. कामावरून काढलेला गडी आहे हा. असाच राहिला तर हिवाळा काढणार नाही."

त्याच सुमारास गल्लीच्या टोकाला चपला शिवण्याचं दुकान बंद झालं आणि त्या जागी गांजाचं परवानाधारक दुकान येणार, अशी नोटीस लागली. हरकती असतील तर सुनावणीत मांडा, असं खाली लिहिलेलं. दुकानासमोर रस्ता ओलांडला की शाळेचं फाटक.

शाळेच्या मोठ्या बाई हवालदाराच्या घरी आल्या. हेडबाईंना सगळे मोठ्या बाईच म्हणत. आवाज हळू, पण शब्द टाके घातल्यासारखे पक्के.

"माझा एक मुलगा आहे, नववीतला," त्या म्हणाल्या. "म्हणजे वर्गातला. गणितात पहिला यायचा. आता त्याला नाव विचारलं तरी तो आधी विचार करतो. घरात मोठा भाऊ उघड ओढतो, याला कोण थांबवणार? मोठ्यांसाठी आहे म्हणे. मोठ्यांसाठी असलेलं मुलांनी कधी घेतलं नाही, असं एक तरी घर दाखवा मला."

"खरंय," हवालदार म्हणाला. कुणीतरी आपल्याकडे येऊन आपल्या कामाबद्दल बोलतंय, यानंच तो अर्धा विरघळला होता.

"दुकानवाले म्हणतात, या गल्लीत कुणी घेतच नाही, म्हणून त्रासही होणार नाही. किंवा म्हणतात, सगळेच घेतात, म्हणून नवीन काही होणार नाही. जसं सोयीचं पडेल तसं. सुनावणी आमच्या शाळेच्याच सभागृहात आहे, तुम्ही तुमच्या ठम्याला तिथे आणा. रांगांमधून एकदा फिरवा. किती जणांसमोर बसतो ते साहेब लोकांना डोळ्यांनी दिसू दे."

हवालदाराच्या अंगात वारं भरलं. पुन्हा दोर, पुन्हा रांगा, पुन्हा सगळ्यांचे डोळे ठम्यावर. "आणतो," तो म्हणाला.

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "लोकांच्या खिशात काय आहे ते चारचौघांत दाखवणार तुम्ही?"

"मी नाही. ठम्या."

"दोर कुणाच्या हातात असतो?"

"अगं, पण पोरांसाठी आहे ते!"

इस्त्री करताना कापडाला पडलेली चुणी हातानं सपाट करतात, तसा तिनं पदर सपाट केला आणि आत निघून गेली.

सुनावणीला अवकाश होता, पण ठम्या चार पावलं टाकून दमत होता. अशा कुत्र्याला सभागृहात नेऊन काय होणार? त्याला सरावाला लावायचं तर लपवायला वास हवा. पूर्वी खात्यातून डबी मिळायची. आता कुठून आणायची? दोन दिवस हवालदार घरात येरझारा घालत राहिला. तिसऱ्या दिवशी टोपी डोळ्यांवर ओढून, दोन बस बदलून, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला.

दुकान औषधाच्या दुकानासारखं लख्ख होतं. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "या काका. झोपेसाठी, दुखण्यासाठी, की असंच?"

"कुत्र्यासाठी."

मुलीचं हसू गेलं. "काका, कुत्र्याला नका हो देऊ. त्यांना फार बाधतं."

"खायला नाही देणार. शोधायला."

"काय शोधायला?"

"हेच."

मुलीनं आत बघून मोठ्या बहिणीला हाक मारली. बहीण आली, तिनं हवालदाराला नीट न्याहाळलं आणि हळू आवाजात, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं विचारलं, "आजोबा, हे हरवलंय का तुमचं? घरी कोण असतं तुमच्या?"

हवालदाराला दरदरून घाम फुटला. "दुखण्यासाठी," तो म्हणाला. "गुडघ्यासाठी द्या. लवकर द्या." पिशवी कोटाच्या आतल्या खिशात कोंबून तो परतीच्या बसमध्ये बसला तेव्हा त्याला वाटलं, बसमधला एकेक कुत्रा आपल्याकडे बघतोय. बसमध्ये कुत्रा एकही नव्हता.

घरी येऊन त्यानं पिशवी काचेच्या बरणीत घातली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, म्हणजे वास बाहेर आणि ठम्याचं तोंड बाहेरच. बरणी जोड्यांच्या कपाटात, जुन्या बुटाच्या आत. दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर त्यानं बरणी मागच्या अंगणात फुटक्या कुंड्यांमध्ये लपवली, ठम्याच्या गळ्यातला पट्टा बदलला आणि म्हणाला, "शोध."

पट्टा बदलला की काम, हे ठम्याला माहीत होतं. त्याचा मोडका कान वर आला. नाक जमिनीला लागलं, शेपटी ताठ झाली, कुंड्यांभोवती एक फेरा, अर्धा फेरा, आणि ठम्म. हवालदाराच्या हातानं या वेळी विचार केला नाही. गुंडाळी ठम्याच्या खांद्यावरून पुढे पडली. मग त्या दोघा म्हाताऱ्यांनी अंगणात जी ओढाओढ केली, ती बघून शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातला चिमटा विसरली. त्या दिवशी ठम्यानं निम्मं वाडगं खाल्लं.

रोज थोडा सराव अंगणात चालू झाला. ठम्या अंगणात सुधारायचा आणि घरात आला की पुन्हा उतरायचा. पुन्हा स्वयंपाकघराचं दार, पुन्हा बायकोकडे ती टक. हवालदाराला हे कोडं सुटेना. आणि आपण घरात गांजा लपवून गांजाच्या दुकानाविरुद्ध बोलायला निघालो आहोत, हे आठवलं की त्याला बसल्या जागी टोचायला लागायचं.

सुनावणीचा दिवस आला. दुपारी मोठ्या बाई त्याला न्यायला आल्या. हवालदार कोट घालून तयार. "एकदा छपराखाली सराव करून घेतो," तो म्हणाला. "अंगणात आणि खोलीत फरक असतो. हवा तुंबते, वास कोपऱ्यात साठतो."

बरणी त्यानं आधीच जिन्याखाली ठेवली होती. त्यानं ठम्याचा पट्टा बदलला. बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती, बाई दारात उभ्या होत्या.

"शोध."

ठम्यानं जिन्याकडे नाकसुद्धा वळवलं नाही. दोर ताणून तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि बायकोसमोर ठम्म बसला. मटाराचा एक दाणा तिच्या मांडीवरून घरंगळत त्याच्या पंज्याशी गेला.

"अरे, खाण्याची वेळ आहे का ही?" हवालदार म्हणाला. "ऊठ. शोध."

ठम्या हलला नाही. बायकोही हलली नाही.

"बिघडलं वाटतं नाक," हवालदार बाईंना म्हणाला. "म्हातारा झाला. खोटं सांगायला लागला." आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. बसलेल्या ठम्याचा दोर जोरानं ओढला. ठम्याची मान वाकडी झाली, नखं फरशीवर करकरली, पण बैठक सुटली नाही. तो बायकोकडेच बघत होता, आता जरा कण्हत.

बायकोनं मटाराची पाटी खाली ठेवली.

"ओढू नका त्याला," ती म्हणाली. "टॉवेल द्या."

"काय?"

"टॉवेल द्या त्याचा त्याला. खरं सांगतोय तो."

तिनं कमरेच्या खिशातून छोटी तपकिरी बाटली काढून ओट्यावर ठेवली. थेंब टाकायची नळी असते तसलं बूच. "डॉक्टरनीच लिहून दिलंय. जिभेखाली दोन थेंब, दोन वेळा. कायदा बदलला तेव्हापासून दोन बस बदलून आणते."

हवालदार बाटलीकडे बघत राहिला. त्याला सगळं एकदम दिसलं. कुत्रा दारात येऊन बसत होता ते खाण्यासाठी नव्हतं. रोज तो खरं सांगत होता, दोन-दोन वेळा, आपल्याच घरात, आणि त्याला बदल्यात मिळत होतं काय, तर खाण्याचं वाडगं.

"माझ्यापासून लपवलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्हीही समोर बसला असतात, याच्यासारखे. आणि तुमच्यापुढे टाकायला माझ्याकडे टॉवेल नव्हता."

"मला वाटलं, मी घरी आलो म्हणून तुला झोप लागते."

तिला हसू आलं, डोळे भरलेले असताना आलं. "तुमच्या घोरण्यात? अहो, पण मला रोज वाटायचं सांगावं. हा माझ्यामुळे खंगत होता, मला कळत होतं. सांगावं तर तुम्ही खचाल, न सांगावं तर हा. रोज वाडगं पुढे करताना हात जड व्हायचा."

दारातून मोठ्या बाई म्हणाल्या, "हवालदार, आपल्याला उशीर होतोय." मग त्यांनाच आपण काय बोललो ते कळलं.

"आणि लपवण्याचं म्हणाल," बायकोनं डोळे पुसले, "तर बुटातली बरणी कुणाची?"

"बरणी?" बाईंनी हवालदाराकडे पाहिलं. "तुमच्याकडेही?"

"कुत्र्यासाठी आहे ती!" हवालदार ओरडला. दोघी बायका त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, की त्याचं त्यालाच खरं वाटेना.

ठम्या कण्हला. बिचारा अजून बसलेलाच होता. त्याला ना बरणीशी देणं ना सुनावणीशी घेणं. त्याचं काम झालं होतं आणि तो वाट बघत होता. हवालदाराचा हात मागच्या खिशाकडे गेला. बाई बघत होत्या. आता टॉवेल टाकला, की बायकोच्या खिशात काय आहे त्यावर शिक्का बसणार, तोही आपल्या हातानं. नाही टाकला, तर हा जन्माचा खोटा ठरणार. हात थांबला, पुन्हा निघाला.

गुंडाळी ठम्याच्या खांद्यावरून बायकोच्या पायाशी पडली.

ठम्यानं ती अशी पकडली, की मटाराची पाटी उलटली. हिरवे दाणे सगळ्या फरशीवर. बायकोनं टॉवेलचं दुसरं टोक धरलं आणि ओढलं, आणि ठम्यानं तिच्याशी, पहिल्यांदाच तिच्याशी, ओढाओढ सुरू केली. "अगं, पाय सांभाळ!" हवालदार म्हणत राहिला.

सुनावणीला चौघंही गेले, ठम्या धरून. बायकोनंच सांगितलं, "मी येते. बाईंना त्यांचं बोलू द्या, मी माझं बोलीन." वाटेत मोठ्या बाई सगळ्यांच्या चार पावलं पुढे चालत होत्या.

सभागृहात लहान मुलांची बाकं होती, मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. पुढे टेबलाशी परवाना खात्याचे साहेब. बाईंनी त्या नववीतल्या मुलाबद्दल सांगितलं. मग न्हाव्यानं मेहुण्याची गोष्ट सांगितली. एक ट्रकचालक म्हणाला, ओढून गाडी चालवणारे मी रोज बघतो, त्यांचं काय करणार? दुकान काढणारी बाई म्हणाली, उघड विकलं तर वय विचारता येतं, बोळात विकणारा कुणाचं वय विचारतो? मग हवालदाराची बायको उठली, बाकाचा आधार घेऊन, आणि आपल्या पायांबद्दल बोलली. तीस माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती. अर्ध्यात तिला पुढचं आठवेना, तेव्हा ती म्हणाली, "एवढंच. मला झोप लागते," आणि बसली.

हवालदार हे सगळं दारातून ऐकत होता. आत बसवेना, बाहेर राहवेना. ठम्या त्याच्या पायाशी दोराला हिसडे देत होता; आत वासांची गर्दी होती.

"हवालदार," मोठ्या बाईंनी हाक मारली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तुम्ही ठम्याला रांगांमधून फिरवणार होता."

माना वळल्या. दोनतीन जणांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. बसथांब्यावरच्या म्हाताऱ्यानं छत्री गुडघ्यांवर आडवी धरली.

हवालदार पुढे झाला. दोर त्यानं हाताला दोन वेढे देऊन आखडता घेतला. "नाही फिरवत," तो म्हणाला. "साहेब, मला बोलता येत नाही फार. मी जन्मभर याच्यामागून चाललो. हा सांगायचा, वास इथे आहे. एवढंच सांगायचा. पुढे त्या माणसाचं काय करायचं, हे यानं कधी सांगितलं नाही. ते आपण ठरवायचो, आणि नाव याचं घ्यायचो. मीही घेतलं. आज परत नाही घेत."

"मग दुकानाचं काय?" साहेबांनी विचारलं.

"शाळेच्या फाटकासमोर नको. बाई म्हणतात ते पोर मी पाहिलंय, वाचनालयाच्या पायरीवर बसलेलं असतं. तिथे नको. पण माझ्या बायकोला त्या बाटलीसाठी दोन बस बदलून जावं लागतं, त्या पायांनी. मीही जाऊन आलोय. तेव्हा कुठे तरी हवं. कुठे, ते मला सांगता येत नाही."

"दोन्ही डगरींवर हात!" मागून न्हावी ओरडला. लोक हसले. हवालदारालाही आपलं बोलणं अर्धवट वाटलं. पण त्याच्याकडे होतं ते तेवढंच होतं.

साहेबांनी निर्णय नंतर कळवू म्हणून कागद आवरले. बाहेर फाटकाशी मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मला ऐन वेळी तोंडघशी पाडलंत, हवालदार."

"पाडलं खरं," तो म्हणाला. त्या ठम्याच्या मोडक्या कानाकडे बघून निघून गेल्या.

घरी आल्यावर हवालदार पुन्हा फेऱ्या घालायला लागला. पुढचं दार, खिडकी, मागचं दार. बाईंचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना, मेहुण्याचा प्रश्नही जाईना. ती उत्तरं त्याला त्या दिवशी मिळाली नाहीत. वाटेत वाकून तो फरशीवरचे मटार गोळा करत होता, आणि बुटाखाली एखादा फुटला की "च्च" करत होता.

संध्याकाळ झाली तशी बायकोनं ओट्यावरची बाटली उचलली. आता खिशात नव्हती, तिथेच मिठाच्या बरणीशेजारी उभी होती. बूच उघडल्याचा आवाज झाला. ठम्या दुसऱ्या खोलीतून आला, नाक वर करून, आणि तिच्यासमोर ठम्म बसला.

"अहो," तिनं जीभ उचलून धरल्यामुळे बोबड्या आवाजात हाक मारली, "तुमच्या माणसाची हजेरी लागली. या लवकर."

हवालदार मटाराची मूठ तशीच घेऊन धावला. दुसऱ्या हातानं त्यानं खिसा चाचपला. गुंडाळी दुपारच्या लाळेनं अजून ओली होती. त्यानं ती खांद्यावरून टाकली.

ओढाओढ झाली, टॉवेल ठम्यानं जिंकला, त्याला तो जिंकू द्यायचा असतो. मग तो वाडग्यापाशी गेला. हवालदार दारात उभा राहून ऐकत होता. वाडगं फरशीवरून ढकललं जात भिंतीपर्यंत गेलं, भिंतीला टेकलं, आणि तरी जिभेचा आवाज थांबला नाही.

"आणखी वाढ त्याला," तो म्हणाला.

"तुम्ही वाढा," बायको म्हणाली. "मी जरा पाय पसरते."